‘बोटीला कसलं आलंय आरसी बुक?’ – जुन्या बडोदेकर काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेखालीच उत्तर लिहायला बसले होते पण ते इतकं लांबत गेलं की म्हटलं वेगळंच टाकावं. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मालकीचे कागद नसलेली जुनी बोट कितीही स्वस्त मिळत असली तरी हात लावू नका. त्यावर ‘एक जुना बडोदेकर’ अशा नावाने काकांनी लिहिलंय की त्यांना भरूचकडच्या खाडीवर एक अठरा फुटी फायबरची बोट मिळतेय, आऊटबोर्ड इंजिनासकट (म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लटकवायचं इंजिन) ३५,००० ला, दुरुस्तीला आलेली आहे, कागद काही नाहीत, पण विकणारा स्टँपवर लिहून द्यायला तयार आहे. बोटीला कसलं आलंय आरसी बुक, अमेरिकेत लोक फुकटात बोटी उचलून आणतात आणि यूट्यूबवर दुरुस्त करून दाखवतात, आणि पुरात लोक गच्चीवर अडकले होते तेव्हा हे कागदवाले कुठे होते? शेवटी ‘ताई, घरात बसून लोकांना घाबरवू नका’ हेही आहेच.

पुराचं आधी. त्यात आपलं भांडण नाहीच काका. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याच्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट असताना पाणी ३७ फुटांपर्यंत गेलं, समा, अकोटा, फतेगंज सगळीकडे तळमजले पाण्यात, वर मगरी. त्यानंतर बडोद्यात ज्याने आयुष्यात सूरसागर तलावाच्या पलीकडे पाणी बघितलं नाही तोही बोटीचे भाव विचारायला लागला. सोसायटीत बोट असावी असं वाटणं अगदी बरोबर आहे. माझं म्हणणं फक्त ‘ही’ बोट घेऊ नका एवढंच आहे.

आता ते आरसी बुक. असतं काका. इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ आहे, १९१७ चा जुना कायदा जाऊन हा आला, त्यानुसार नदी-तलावात इंजिनावर चालणाऱ्या बोटीचं रजिस्ट्रेशन लागतं, सर्व्हे सर्टिफिकेट (बोट तपासल्याचा दाखला) लागतं आणि बोट विकली की मालकबदलाची नोंदही करावी लागते. आपल्याकडे त्यासाठी गुजरात मेरिटाइम बोर्डाचं दार. वल्ह्याच्या बोटीचं प्रकरण हलकं आहे, तिची नोंद स्थानिक पातळीवर करायची असं त्या कायद्यात म्हटलंय. आणि समुद्रात मासेमारी करणारी बोट असेल तर मत्स्योद्योग खात्याकडे नोंद असते, आयएनडी-जीजे असा सुरू होणारा नंबर बोटीवर रंगवलेला असतो. तुमची अठरा फुटी फायबरची, आऊटबोर्डवाली, खाडीत उभी असलेली बोट बहुतेक याच जातीची निघेल. म्हणजे तिला कागद ‘नसतातच’ असं नाही, तिला कागद असायला हवे होते आणि ते तुम्हाला दाखवले जात नाहीयेत. या दोन गोष्टी एक नव्हेत.

आणि ‘खाडीत कोण विचारतंय’ हे तर गुजरातच्या किनाऱ्यावर बोलूच नका. २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे पोरबंदरची ‘कुबेर’ ही मच्छिमार बोट पळवून तिच्यातून आले होते. तेव्हापासून इथे बोट कोणाची, खलाशी कोण, नंबर काय हे सगळं विचारलं जातं, बोटींचे रंगसुद्धा राज्याप्रमाणे ठरवून दिलेत, मच्छिमारांना ओळखपत्रं आहेत. बडोद्याचा माणूस बिननंबरी बोट टेंपोत घालून आणतोय हे मरीन पोलिसांना किंवा हायवेवरच्या हवालदाराला सांगायला तुम्ही काय दाखवणार? स्टँप?

स्टँपबद्दल जरा सविस्तरच बोलते कारण तुमचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. एक तर जुना तो स्टँप पेपर गुजरातेत २०१९ पासून बंद आहे, ई-स्टँपिंग करावं लागतं, तेव्हा विकणारा खिशातून कोरा स्टँप काढत असेल तर तिथेच राम राम करा. पण ई-स्टँप असला, नोटरीचा शिक्का असला, दोन साक्षीदार असले तरी काय सिद्ध होतं? की अमुक माणसाने अमुक दिवशी ‘बोट माझी आहे’ असं म्हटलं. ती त्याची होती हे नाही सिद्ध होत. सेल ऑफ गुड्स ॲक्ट १९३० चं २७ वं कलम आहे, जो मालकच नाही त्याच्याकडून घेतलं तर विकणाऱ्याचा जेवढा हक्क होता तेवढाच घेणाऱ्याला मिळतो, म्हणजे त्याचा शून्य तर तुमचाही शून्य. काही अपवाद आहेत, पण खाडीवरचा रोख व्यवहार त्यात बसवणं अवघड. याच कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे हे गृहीतच असतं, त्यामुळे त्याच्यावर दावा लावता येतो हे खरं, पण तो सापडायला तर हवा ना. उलट भारतीय न्याय संहितेचं ३१७ वं कलम तुमच्याच अंगावर येतं, चोरीचा माल जाणूनबुजून किंवा ‘चोरीचा असावा असं मानायला कारण असताना’ अप्रामाणिकपणे घेतला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. इंजिनासकट बोट ३५,००० ला आणि कागद विचारल्यावर ‘कागळियां कंई नथी पण माल चोख्खो छे’ असं उत्तर! ते ‘कारण’ तर विकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने दिलं की तुम्हाला.

पण खरं सांगू का, मला ३५,००० ची काळजी नाहीच. तेवढे बुडाले तर तुम्ही चार महिने चिडचिड कराल आणि विसराल. मला काळजी आहे त्यानंतरच्या पैशांची, आणि हे मागच्या लेखात मी पुरेसं लिहिलं नव्हतं म्हणून इथे लिहिते.

दुरुस्तीला आलेली फायबरची बोट म्हणजे काय असतं? माझा भाऊ मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फायबरचंच काम करतो, टाक्या, केबिनी वगैरे, त्यामुळे घरात रेझिनचा वास आणि हे हिशोब दोन्ही असतात. बाहेरून बोट नुसती मळकी दिसते. मागची पाटी, जिच्यावर इंजिन लटकतं, ती ट्रान्सम, तिच्या आत पुष्कळदा प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून पाणी आत जातं आणि ते प्लायवूड आतल्या आत कुजतं, वरचं फायबर मात्र ठणठणीत दिसत राहतं. रुपयाच्या नाण्याने किंवा लाकडी हातोडीने ठोकत जायचं, चांगलं असेल तिथे टणटण वाजतं, आत सुटलेलं असेल तिथे बद्द आवाज येतो. मग तळाच्या लांब पट्ट्या, त्यातही लाकूड, तीच गत. जमिनीखाली फोम भरलेला असेल तर तो पाणी पिऊन बसलेला, बोट दिसते तेवढी आणि वजन दुप्पट. हे सगळं कापून काढायचं, वाळवायचं, ग्राइंडिंग करायचं, नवं प्लाय घालून फायबरच्या मॅटचे थर द्यायचे, वरून जेलकोटचा गुळगुळीत थर. वर इंजिनाचा गिअरकेस, पाण्याचा इंपेलर, कार्ब्युरेटर. मी आकडा सांगत नाही कारण बोट न बघता आकडा सांगणारा एकतर ज्योतिषी असतो नाहीतर विकणारा, पण बोटीची किंमत यात सगळ्यात छोटी रक्कम असते हे जीआयडीसीत कोणालाही विचारा.

आणि हा सगळा खर्च तुम्ही दुसऱ्याच्या प्लॉटवर मजला चढवल्यासारखा करणार. वर्षभराने खरा मालक आला, किंवा मालकाने कर्ज काढलेलं असेल तर बँक आली, तर ते बोट जशी तुम्ही घेतली तशी नेणार नाहीत ना, नव्या ट्रान्समसकट नेतील. कोणी नाही आलं तरी विमा नाही, कारण रजिस्ट्रेशन नाही. रजिस्ट्रेशन करायला गेलात तर पहिला प्रश्न बोट कोणी बांधली, बिल कुठाय, आधीचा मालक कोण. विकायला गेलात तर गिऱ्हाईक तुमच्यासारखंच ३५,००० देणारं मिळणार, कारण कागदवालं गिऱ्हाईक तुमच्याकडे येणारच नाही. म्हणजे जितकी मेहनत जास्त तितका तोटा मोठा.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट तर कोणी बोलतच नाही. प्रोजेक्ट बोट घेतली की माणूस पहिलं काम काय करतो? ग्राइंडर लावतो. जुना रंग उतरवतो. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, पुसटसा राहिलेला नंबर, बांधणाऱ्याची छोटी पाटी, आधीच्या नावाची सावली, सगळं दोन तासांत धूळ होऊन जातं. याच खुणा होत्या ज्यांच्यावरून बोट कोणाची हे शोधता आलं असतं, आणि उद्या प्रश्न आला तर नंबर घासून काढणारे तुम्हीच ठरता. भावाला मी विचारलं तर तो म्हणाला, बिननंबरी नगाला मी मशीन लावतच नाही.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथलं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं काका. तिथे १ नोव्हेंबर १९७२ नंतर बांधलेल्या बोटीच्या मागच्या पाटीवर, उजव्या बाजूला, हल नंबर, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो, बारा अक्षरांचा. १९८४ पासून तोच नंबर बोटीत आणखी एका लपवलेल्या जागी पण असतो, म्हणजे वरचा घासला तरी आतला सापडतो. यूट्यूबवरचा तो दाढीवाला फुकटची बोट उचलतो तेव्हा कॅमेऱ्याच्या मागे तो नंबर तपासून झालेला असतो, निदान शहाणा असेल तर. टेक्ससमध्ये तर आऊटबोर्ड इंजिनालाही वेगळा मालकीचा दाखला असतो, आणि कागद हरवलेले असतील तर बॉन्ड भरून दाखला मिळवायची रीतसर वाट आहे. आपल्याकडे अशी सोपी वाट नाही म्हणून तर आधी कागद, मग पैसे.

आता तुमच्या बाजूने. कागद नसलेली प्रत्येक बोट चोरीची असते असं मी कुठेच म्हटलेलं नाही. चांदोदला नर्मदेवर नावाडी लोकांच्या लाकडी होड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत, बापाची मुलाकडे आली, कागद कोण करणार. आख्खा घाट सांगतो होडी कोणाची. तिथे पाच जणांसमोर व्यवहार केला आणि मग नोंद करून घेतली तर मला काही अडचण वाटत नाही. दुसरं म्हणजे मालक वारला, बोट भावाच्या अंगणात पडून आहे. तिथे मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची संमती, आणि आधी वारसाच्या नावावर, मग तुमच्या. वेळ जातो पण होतं. तिसरं, कागद खरंच हरवले. यासाठी माझ्याकडे एक प्रश्न आहे तो तुम्ही त्या भरूचवाल्याला विचारा: “डुप्लिकेट काढून द्या, फी मी भरतो, वर पाच हजार जास्त देतो.” डुप्लिकेट नोंदलेल्या मालकालाच मिळते, त्यामुळे खरा मालक असेल तर वाढीव पैशासाठी हसत जाईल. तो ‘एवढी भानगड कोण करणार, घ्यायची तर घ्या’ म्हणाला तर समजायचं ते समजून घ्या.

अलंगची लाइफबोट हा आणखी एक प्रकार, आणि दोघा-तिघांनी ते विचारलंय म्हणून. अलंगला १९८३ पासून जहाजं तुटतात आणि बाहेर रस्त्याला जे खाडे (जुन्या सामानाची दुकानं) लागलेत तिथे त्या नारिंगी बंद लाइफबोटी मिळतात. ती लाइफबोट जहाजाचं सामान म्हणून आलेली असते, तिचं स्वतःचं रजिस्ट्रेशन नसतं, तेव्हा खाड्याचं जीएसटी बिल हाच तुमचा मालकीचा पुरावा, बिलावर जहाजाचं नाव आणि बोटीच्या प्लेटवरचा सिरियल नंबर लिहून घ्या. पण पुरासाठी ती घेऊ नका हो. काही टन वजन, क्रेनशिवाय हलत नाही, समुद्रात सहा नॉटने चोवीस तास चालावी म्हणून बांधलेली वस्तू ती, समाच्या गल्लीत पहिल्याच स्पीडब्रेकरवर बसेल.

आणि पुरासाठीच बोट हवी असेल तर कागदाचा आणखी एक अर्थ आहे. किती माणसं बसवायची हे त्यात लिहिलेलं असतं. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्यातच हरणी तलावात बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पुरात तर गच्चीवरून माणसं उड्या मारून बसणार, तेव्हा आतून कुजलेली, क्षमता कोणालाच माहीत नसलेली बोट तुम्ही सोसायटीच्या नावावर सोडणार?

त्यापेक्षा बिलावर नवी, बिनइंजिनाची, सपाट बुडाची छोटी फायबरची होडी किंवा फुगवायची चांगली रबरी बोट, वल्ही, दोर, आणि माणशी एक लाइफ जॅकेट. बारा घरांनी वर्गणी काढली तर तुमच्या त्या बोटीच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडेल आणि चार माणसं ती उचलून गच्चीवर ठेवू शकतील. रबरी घेतलीत तर बाभळीचे काटे आणि कंपाउंडच्या काचा लक्षात ठेवा, पुरात दोन्ही पाण्याखाली असतात.

तरीही रविवारी भरूचला जाणारच असाल, आणि तुम्ही जाणार हे मला दिसतंय, तर पैसे घरी ठेवून जा. बोटीच्या दोन्ही बाजूंनी नाळेचे फोटो काढा, रंगाखाली नंबर दिसतो का ते तिरप्या उन्हात बघा. इंजिनाचा सिरियल नंबर बहुतेक ते ट्रान्समला अडकतं त्या ब्रॅकेटवरच्या प्लेटवर किंवा स्टिकरवर असतो, तो लिहून घ्या, आणि ती प्लेट उपटलेली असेल तर बाकी काही बघूच नका, कारण इंजिन बोटीपेक्षा जास्त चोरलं जातं. इंजिन खाली उतरवून देत असतील तर ट्रान्समचा आतून जवळून एक फोटो घ्या, भाऊ बघून सांगेल. इथे टाकताना नंबर झाका, मला मेलवर उघडा पाठवा.