सोंग वठलं का?

गेल्या दिवाळीत माहेरी गेले, तेव्हा गिरणेकाठच्या आमच्या गावात ओट्यावर गॉडझिला या जपानी सिनेमातल्या राक्षसावरून भांडण पेटलेलं होतं. धाकटा भाऊ आणि त्याचे मित्र कापूस वेचणीच्या धामधुमीतून रात्री जेवणं उरकली की जमायचे. त्यांनी मोबाइलवर लागोपाठ दोन चित्रपट पाहिले होते. एक अमेरिकेने २०१४ साली नव्याने काढलेला ‘गॉडझिला’, दुसरा जपानचा २०२३ चा ‘गॉडझिला मायनस वन’.

एकाचं म्हणणं, अमेरिकेवाल्यांनी सोळा कोटी डॉलर घातले, म्हणजे तेव्हाच्या भावाने आपले साडेनऊशे कोटी, आणि एवढं करून राक्षस दाखवला तो धुळीत नि अंधारात, चिमूटभर. दुसरा म्हणत होता की जपानी पिक्चर रडका आहे, राक्षस बघायला बसलो आणि लोकांची घरची दुःखं बघत बसावं लागलं. भावाचा मुद्दा सगळ्यांना खोडणारा होता. सत्तर वर्षं तेच ते काढतात, नवं काही सुचत नाही म्हणून जुन्यालाच रंग मारून विकतात. मग एकजण माझ्याकडे वळला. “ताई, तू तठे राहस, तूच सांग, खरा कोनता?”

अकरा वर्षं मी योकोहामात आहे. गावातल्या मुलांना वाटतं की राक्षसाच्या देशात राहणारीला उत्तर माहीत असणार. त्या रात्री मी फराळाचं ताट आणायला म्हणून उठले ते परत त्या विषयाकडे आलेच नाही. पण प्रश्न मनातून गेला नाही.

मी पहिला गॉडझिला पाहिला तो जपानी नव्हताच. १९९८ चा अमेरिकन, रोलँड एमेरिक यांचा. हिंदीत बोलणारा. आप्पा आम्हा दोघा भावंडांना चाळीसगावला घेऊन गेले होते. त्या प्राण्याने न्यूयॉर्कची टॅक्सी जबड्यात धरली तेव्हा थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. शेवटी तो पुलाच्या तारांमध्ये अडकतो, विमानं त्याच्यावर क्षेपणास्त्रं सोडतात आणि त्याच्या काळजाचे ठोके हळूहळू थांबत जातात. तिथे अख्खं थिएटर गप्प झालं. मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, “बिचारी. पिल्ले मारी टाकात तिन्हा.” त्या प्राण्याला त्यांनी परस्पर आई करून टाकलं होतं. मला तेव्हा रडू आलं होतं.

जपानात आल्यावर ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याला मी ही आठवण मोठ्या आनंदाने सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग अगदी मृदू आवाजात म्हणाला, ते गॉडझिला नव्हतं. जपानी माणूस समोरच्याचं म्हणणं असं सरळ खोडत नाही, म्हणून मला ते लागलं. पुढे कळलं की त्याच्यासारखं वाटणारे खूप होते. जपानी चित्रपटांत वर्षानुवर्षं गॉडझिलाचा जड पोशाख अंगावर चढवणारे केनपाचिरो सात्सुमा हा अमेरिकन अवतार बघताना मधूनच उठून बाहेर पडले होते. त्यात आत्मा नाही, असं त्यांचं मत होतं. गॉडझिलाचे जपानी चित्रपट काढणाऱ्या तोहो कंपनीने तर २००४ च्या आपल्या चित्रपटात त्या अमेरिकन प्राण्याला ‘झिला’ एवढंच नाव ठेवलं आणि सिडनीत खऱ्या गॉडझिलाकडून काही क्षणांत त्याचा निकाल लावला. नावातला ‘गॉड’, म्हणजे देव, काढूनच टाकला. क्षेपणास्त्र बघून पळतो, बाण लागलेल्या हरणासारखा मरतो, तो मोठा सरडा असेल. ज्याला माणसाचं कुठलंही शस्त्र लागू पडत नाही तो हा नव्हे, असा त्यांचा राग होता.

हा राग मला एक दिवस तोक्योतल्या युमेनोशिमा बागेत उमगला. तिथे एका मोठ्या दालनात लाकडी मासेमारी बोट ठेवली आहे. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ तिचं नाव. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली, तेव्हा ही बोट तिथून बऱ्याच अंतरावर ट्यूना धरत होती. तेवीस खलाशी. आकाशातून पांढरी राख पडू लागली आणि ती त्यांच्या केसांवर, जाळ्यांवर, माशांवर बसली. बोटीचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला गेले. पहिला ‘गोजिरा’ (गॉडझिलाचं मूळ जपानी नाव) चित्रपटगृहांत लागला ३ नोव्हेंबरला, अवघ्या एकेचाळीस दिवसांनी. त्याची सुरुवातच समुद्रात एका बोटीवर अचानक पडलेल्या उजेडाने आणि आगीने होते. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झालेली. शहाण्णव लाख तिकिटं खपली. तिकीट काढणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी स्वतःचं शहर जळताना पाहिलेलं होतं. पडद्यावरचं जळणारं तोक्यो त्यांच्यासाठी करमणूक कशी असेल?

दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, तोच चित्रपट अमेरिकेत दाखवला गेला तो कापून. अणुचाचण्यांबद्दलचं बरंचसं बोलणं काढलं, रेमंड बर या अमेरिकन नटाचे प्रसंग नव्याने चित्रित करून मध्ये घातले. राक्षस तोच ठेवला, त्याच्या अंगावरची राख तेवढी झटकली. माझ्या दृष्टीने बिघाड तिथेच सुरू झाला आणि १९९८ पर्यंत तो पूर्ण झाला. चाळीसगावच्या त्या बाईंची कळवळ खरीच होती, पण ज्याच्यासाठी त्या कळवळल्या तो दुसराच कोणी होता.

आता भावाच्या मुद्द्याकडे येते. तेच ते का काढतात?

माझं आजोळ साक्री तालुक्यातलं. तिथे उन्हाळ्यात भोवाडा व्हायचा. गावाच्या मध्ये रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात संबळ आणि पिपाणीच्या तालावर एकेक सोंग नाचत यायचं. गणपती, सारजा, त्राटिका, वेताळ, पहाटेकडे नरसिंह. मुखवटे इतके जड की मानेला कापड गुंडाळून बांधावे लागत. मुखवटे त्याच घरांत, दरवर्षी तेच, फक्त रंग नवा. वेताळ काय करणार, नरसिंह कोणाला फाडणार, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. तरी माणसं घोंगड्या घेऊन रात्रभर बसायची, आणि परत तेच दाखवलं असं म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. सकाळी चहाच्या वेळी चर्चा एकच असायची, सोंग वठलं का? एका वर्षी माझ्या मामाच्या शेजाऱ्याने नवा कोरा, चकचकीत मुखवटा आणला होता. मोठा खर्च केला होता त्याने. आजी सकाळी म्हणाली, “त्यामा जीव नही.” बस्स. पुढच्या वर्षी जुना मुखवटा परत आला, नाकावर डाग होता तो तसाच.

सात्सुमांचं म्हणणं मी कितीतरी वर्षांनी वाचलं. एकाच मापाने दोघांनी मोजलं होतं. मोठ्या खर्चाच्या रिमेककडे बघताना मला आजीचंच माप खरं वाटतं. पुन्हा काढला म्हणून चित्रपट वाईट ठरत नाही आणि पैसा ओतला म्हणून चांगलाही ठरत नाही. ज्या माणसांपुढे सोंग नाचतंय त्यांच्या पोटातली भीती त्यात उतरली, तर ते वठतं.

जपाननेच हे वेळोवेळी करून दाखवलं आहे. २०१६ चा ‘शिन गॉडझिला’ हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांनी केला. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर समुद्र आत आला, फुकुशिमाची अणुभट्टी बिघडली, आणि लोकांनी टीव्हीवर दिवसेंदिवस निळे कामगार-डगले घातलेल्या मंत्र्यांच्या बैठका पाहिल्या. या चित्रपटातही राक्षस गावात शिरतो आणि सरकार बैठकीमागून बैठक घेत राहतं. कोणत्या कायद्याखाली गोळी चालवायची, यावर खल चालतो. माझी जपानी मैत्रीण त्या बैठका बघताना हातातला रुमाल पिळत होती. पैशांचं म्हणाल, तर ‘मायनस वन’ दीड कोटी डॉलरच्याही आत झाला. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांनी लेखन केलं, दृश्य-करामतींचं कामही स्वतःच सांभाळलं, आणि पस्तीसेक जणांच्या चमूने सहाशेवर दृश्यं उभी केली. मार्च २०२४ मध्ये त्याच करामतींना ऑस्कर मिळालं. भावाच्या मित्राला तो रडका वाटला. पण युद्धात सगळं गमावलेली, मरायचं राहून गेलं म्हणून मान खाली घालून जगणारी माणसं त्यात नसती, तर तो राक्षस आला कशासाठी असता?

अमेरिकेचा २०१४ चा मात्र मी पुरता मोडीत काढणार नाही. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स यांनी राक्षसाला पुन्हा देवाचा रुबाब दिला, हे कबूल करायला हवं. जपानात तो जाड झालाय म्हणून लोकांनी नावं ठेवली आणि बघायलाही गेले. धुळीत, अंधारात राक्षस अर्धवट दिसतो ही तक्रार मला पटत नाही. टेंभ्याच्या उजेडात वेताळ कधी पुरता दिसला होता?

आणखी एक गोष्ट, जी त्या रात्री ओट्यावर कोणीतरी माझ्याच तोंडचं वाक्य म्हणून मला ऐकवली. मीच कधीतरी फोनवर कौतुकाने सांगितलं होतं की जपानात लोक चित्रपटगृहात श्वासही जपून घेतात, शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत कोणी उठत नाही. त्याचा अर्थ गावात असा लावला गेला की आपल्याकडचे शिट्ट्या मारणारे अडाणी. हे मी मागे घेते. ‘मायनस वन’ मी योकोहामात पाहिला तेव्हा माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. दिवे लागले तरी ते तसेच बसून राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून. ती शांतता मला फार मोलाची वाटते. पण ‘शिन गॉडझिला’च्या वेळी याच देशात ओरडायला, घोषणा द्यायला परवानगी असलेले खास खेळ लावावे लागले होते, आणि लोक तिथे हौसेने गेले. पोटात आलेलं तोंडातून बाहेर पडावंसं वाटतंच. आपल्याकडे त्यासाठी वेगळा खेळ लावावा लागत नाही. चाळीसगावची ती शिट्टी आणि नंतरचं ते गप्प होणं, दोन्ही त्याच माणसांचं होतं.

परदेशात राहून मला खरी हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्या मुलुखातल्या भीतीचं सोंग कोणी करत नाही. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आमच्याकडे मानतात, आणि पद्मालयाच्या जंगलात भीमाने बकासुराला मारलं असं सांगतात. लहानपणी त्या गोष्टीत मला भीमापेक्षा गाडाभर अन्नाचं भय वाटायचं. आज कोणाच्या घरची पाळी, हा त्यातला प्रश्न. गावाने राक्षसाशी करार केला आहे आणि रोज एका घरातून एक माणूस त्या गाड्याबरोबर जायचा आहे. ‘मायनस वन’मध्ये सरकार हात वर करतं आणि साधी माणसं बोटी घेऊन समुद्रात निघतात, तेव्हा मला तो गाडा आठवला.

आणि ही काही पुराणातलीच गोष्ट नाही. २०१७ साली आमच्या चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसं मारली. शेतीची लाईट रात्रीची, म्हणजे पाणी भरायला रात्रीच जायचं. उसात, केळीत, पाटाच्या कडेला कुठे काय बसलं असेल, याचा नेम नाही. गावोगाव हीच चर्चा, आज कोणाची पाळी. डिसेंबरात त्याला गोळी घालून मारलं, तेव्हा मी इथे जपानात होते. आईने फोनवर सांगितलं, “सुटनूत बाई.” मग थोडं थांबून म्हणाली, “पन तोबी जीवच व्हता.” त्या एका फोनमध्ये अख्खा चित्रपट आहे, आणि त्याला साडेनऊशे कोटी लागणार नाहीत. अंधार, एक बॅटरी, मोटारीचा आवाज आणि लाईट येण्याची वेळ एवढं पुरे.

परवा हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. रिमेकबद्दलचं त्याचं मत त्याने बदललं नाही, पण बकासुराच्या गाड्याबद्दल मात्र दोनदा विचारलं. मग म्हणाला, बाराला लाईट येईल, मोटार चालू करायला जायचं आहे. इथे तेव्हा पहाटेचे साडेतीन होत आले होते. मी म्हटलं, फोन ठेवू नको, चालू राहू दे. त्याने मोबाइल खिशात टाकला. बराच वेळ फक्त त्याची पावलं ऐकू येत होती, मध्येच ओढ्याचं पाणी, एक कुत्रं भुंकलं ते दूर गेलं. मग मोटारीचा खटका पडला, पाणी धावल्याचा आवाज आला, आणि तो म्हणाला, “पोचनू, ताई. नीज आता.”