चार पोर्ट, कामाचे दोनच

टीव्हीच्या पाठीमागे चित्र-आवाजाची केबल खुपसायचे चार एचडीएमआय पोर्ट, आणि ४के १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा बदलणारं ४के चित्र) चालणार त्यातल्या दोनच पोर्टांत. बरं, त्या दोनांतलाच एक ईआर्क, टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारा! म्हणजे साउंडबार जोडला की उरला एक. मग गेम खेळायला प्लेस्टेशन ५ लावा नाहीतर एक्सबॉक्स. बऱ्याच नव्या टीव्हींत हेच रडगाणं.

इंदूरच्या महाराणी रोडवर दुकानात विचारावं तर उत्तर ठरलेलं, “भैया, सब में चलेगा.” काय चलेगा? जुना पोर्ट सेकंदाला १८ गिगाबिटचा, नवा ४८ पर्यंत जातो. फरक आहे की नाही? खोक्यावरच्या ‘एचडीएमआय २.१’ला, म्हणजे नव्या पोर्टच्या आवृत्तीच्या आकड्याला, तर काडीचा अर्थ उरलेला नाही. १२० हर्ट्झ न देताही तो आकडा छापता येतो, नियमातच बसतं ते. ग्राहकाने काय समजायचं मग?

आणि घरी? भिंतीला ठोकलेल्या टीव्हीमागे हात घालून चाचपडायचं. काळ्या प्लास्टिकवर काळीच कोरलेली अक्षरं, मोबाइलचा टॉर्च धरला तरी धड दिसत नाहीत. इकडे बाबांची मॅच सुरू झालेली.

प्रत्येक पोर्टचा वेग खोक्यावर छापा ना! चार ओळींची शाई एवढी महाग पडते?