आठ नंबरची पिन

लेकीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल करायचं ठरलं, तेव्हा मी ‘त्यात काय एवढं’ म्हणून बसलो. कोल्हापुरात हे वाक्य तोंडातून गेलं की माघार नसते. शेजारच्यांनी ऐकलेलं असतं.

अर्डुइनो ऊनो आणला, म्हणजे प्रोग्राम लिहून दिवे-बिवे चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. हे प्रकरण २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावात सुरू झालं आणि तिथल्या एका बारवरून त्याला नाव पडलं, ही माहिती मी जेवताना मोठ्या उत्साहानं दिली. बायकोनं त्यातलं ‘बार’ तेवढं उचललं आणि पुढचे चार दिवस ‘तुमच्या बारचं काय झालं?’ असंच विचारत राहिली.

बोर्डावर शून्य ते तेरा अशा चौदा डिजिटल पिना. त्यातल्या दहावर लाल एलईडी, नऊवर पिवळा, आठवर हिरवा. प्रत्येकाला प्रवाह आवरायला २२० ओहमचा रेझिस्टर. प्रोग्राम चढवला. लाल भक्क. पिवळा भक्क. हिरवा मात्र समईतलं तेल संपत आल्यावर वात दिसते, तसा. खोलीतला लाइट घालवून, हाताचा आडोसा धरून तिघं वाकलो, तेव्हा कुठं ‘हाय हाय, जरासा हाय’ यावर एकमत झालं.

पूर्ण बंद असता तर बरं झालं असतं. मेलेल्याचं सुतक धरता येतं. हा धड मरेनाही.

आधी एलईडी बदलला. लांब पाय प्लस, आखूड मायनस हे मला पाठ होतं, पण सुबक दिसावं म्हणून मी दोन्ही पाय कापून सारखे केले होते. मग कडेची सपाट बाजू मायनसची म्हणून चष्मा कपाळावर चढवून ती नखानं चाचपत बसलो. रेझिस्टर बदलला. ब्रेडबोर्डवर, म्हणजे वायरी खुपसायच्या भोकाभोकांच्या पाटीवर, संशय घेतला. त्यात पाच-पाच भोकं आतून जोडलेली असतात आणि मधल्या चरीपलीकडच्यांशी त्यांचा संबंध नसतो. आमच्या भाऊबंदकीचा नकाशाच. पण तिथंही सगळं जागच्या जागी.

शेवटी हिरव्याची वायर आठमधून काढून दहात खुपसली. भक्क! म्हणजे एलईडी चांगला, रेझिस्टर चांगला, आठ नंबरची पिन जळाली. एका पिनवर वीस मिलिॲम्पच्या वर ओझं टाकू नये आणि चाळीस म्हणजे कडेलोट, हे मी वाचलं होतं. माझा एलईडी जेमतेम चौदा घेत होता. तरीही जळाली म्हणजे पिनच नाजूक, असा निकाल देऊन मी दुसरा बोर्ड घेऊन आलो.

त्याचीही आठ नंबरची पिन तशीच.

इथं शहाण्या माणसाला काहीतरी कळायला हवं होतं. मला एवढंच कळलं की तिसरा बोर्ड आणला तर घरात घेणार नाहीत.

खालच्या मजल्यावर मिस्त्री राहतात. उद्यमनगरात मोटार वायंडिंगमध्ये त्यांचे हात काळे झालेत. ते चहाला म्हणून वर आले. मी मल्टिमीटर लावून दाखवला. हिरव्याचे दहा सेकंद चालू असताना मोकळ्या आठ नंबरवर चक्क पाच व्होल्ट.

‘बघा मिस्त्री. व्होल्टेज पूर्ण हाय, पण एलईडी पेटंना.’

‘साहेब, लोड टाकून मोजलासा का?’

‘लोड म्हणजे?’

‘तो दिवा लावा की ओ तिथं, आन् मग मोजा.’

एलईडी जोडून मोजलं. पाचाचे दोनावर आले.

‘बसलं का? आमच्याकडं बी असंच. मीटर दोनशे तीस दावतंय, बल्ब लावला की गपगार. तालमीच्या दारात उभारून मिशीला पीळ देणारे लई असत्यात साहेब. मातीत उतरला की कळतंय. ह्या पिनच्या मागं कुठंतरी मोठा रेझिस्टर बसलाय बघा.’

मी बोर्ड उलटासुलटा केला. मागं काही नव्हतं. मागं म्हणजे चिपच्या पोटात, हे मला उशिरा समजलं. पिन आउटपुट, म्हणजे वीज बाहेर देणारी, आहे असं प्रोग्राममध्ये सांगायचं राहिलं तर ती इनपुटच, म्हणजे नुसती बाहेरचं ऐकणारी, राहते. तिला ‘चालू हो’ म्हटलं की पिनला पाच व्होल्टकडं ओढणारा आतला वीस ते पन्नास हजार ओहमचा रेझिस्टर, म्हणजे पुलअप, तेवढा जोडला जातो. त्यातून प्रवाह येतो मिलिॲम्पच्या दहाव्या हिश्शाएवढा. मीटरला तेवढा पुरतो, कारण मीटर काही खातच नाही. दिव्याला पुरत नाही.

पण मी तर सांगितलं होतं. तिन्ही पिनांना सांगितलं होतं.

‘पप्पा, सरका, मी बघतो,’ लेक म्हणाली. (आमच्याकडं मुलीही ‘बघतो’च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी चेहरे करू नयेत.) तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. ‘दहा आउटपुट. नऊ आउटपुट. परत नऊ आउटपुट. आठ कुठंय?’

ओळ कॉपी करून खाली चिकटवली होती आणि आकडा बदलायचा राहिला होता. आठ नंबरला कामावर घेतल्याचं पत्रच दिलं नव्हतं आणि चार दिवस मी तिच्या कामाच्या नावानं बोंब मारत होतो. दोन्ही बोर्डांवर तोच प्रोग्राम चढवलेला.

मिस्त्रींनी बशीतला शेवटचा घोट संपवला आणि सभ्यपणा म्हणून खिडकीबाहेर बघत राहिले.

आकडा दुरुस्त केला, प्रोग्राम परत चढवला. हिरवा असा पेटला की भिंतीवर उजेड पडला. मी सगळ्यांकडं वळून पाहिलं. बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि डोळे बारीक करून म्हणाली, ‘अहो, फार डोळ्यात जातोय. मघाचा बरा होता. जरा कमी नाही का करता येणार?’

प्रोग्राममधून उजेड कमी-जास्त करायला पीडब्ल्यूएमची, म्हणजे दिवा भराभर चालू-बंद करू शकणारी, पिन लागते. ती सोय तीन, पाच, सहा, नऊ, दहा आणि अकरावर आहे. आठवर नाही.

मी वायर उपटून हातात घेतली आणि रिकाम्या पिना मोजायला लागलो.