काच उतरवल्याशिवाय रबर बसत नाही

माझ्या गाडीच्या समोरच्या काचेचे रबर सैल झाले आहे, एवढे एक वाक्य मी या पावसाळ्यात नाशिकमधल्या तीन कारागिरांपुढे उच्चारले आणि तिघांनीही, पाणी नेमके कुठून येते हे पाहण्याआधीच, फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी हातात घेतली. तिघांनी पैसे घेतले. आज श्रावण संपत आला आहे, आणि गेल्या आठवड्यापर्यंत प्रत्येक सरीनंतर चालकाच्या पायाखालचा गालिचा पिळून काढावा लागत होता.

गाडी १९६९ सालची एमजीबी जीटी ही ब्रिटिश गाडी आहे, माझ्या मामांची. तिला इतर अनेक जुन्या गाड्यांसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि वरचे अंग मिळूनच सगळा भार पेलतात. त्यामुळे आत शिरलेले पाणी फक्त गालिचा भिजवून थांबत नाही. ते त्या पट्ट्यांत उतरते, आतून गंज धरते आणि गाडीचा कणाच पोखरते. हे मी प्रत्येक ठिकाणी समजावून सांगितले. उत्तर एकच मिळाले, थोड्याफार फरकाने: ‘साहेब, ही गाडी पावसात काढताच कशाला?’ गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी बनवलेली असते, आणि जो माणूस दुरुस्तीचे पैसे घेतो त्याने गाडी घरात ठेवण्याचा सल्ला देऊ नये. मामा हीच गाडी भर आषाढात त्र्यंबकेश्वरला नेत असत आणि आत थेंबही येत नसे, कारण तेव्हा काचेचे रबर मऊ होते आणि ते बसवणाऱ्याला ते कसे बसते हे ठाऊक होते.

ही गोष्ट अवघड नाही, म्हणून तर संताप अधिक येतो. या काचेभोवतीच्या रबराला दोन खाचा असतात. एका खाचेत काचेची कड बसते आणि दुसरी खाच गाडीच्या पत्र्याची कड पकडते. म्हणजे काच, रबर आणि पत्रा हे एकमेकांना केवळ दाबाने धरून असतात, चिकटवलेले नसतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने रबर कडक होते, आखडते, आणि आखडले की सर्वांत आधी कोपऱ्यात ओढ बसते. माझ्या गाडीत खालचा उजवा कोपरा असाच सुटला आहे. बोट लावले तर रबराची कड पत्र्यापासून सहज वर उचलते, आणि महामार्गावर वेग वाढला की तिथून शिट्टीसारखा आवाज येतो. ज्या रबराची पकडच गेली, त्याच्या वरून काहीही फासले तरी पकड परत येणार नाही. त्यासाठी काच उतरवावी लागते, जुने रबर टाकून द्यावे लागते, पत्र्याची कड साफ करून रंगवावी लागते आणि नवे रबर बसवावे लागते. या गाडीचे नवे रबर आजही इंग्लंडहून मागवता येते. मी ते मागवले आहे, ते जुलैपासून माझ्या कपाटात आहे, आणि प्रत्येक कारागिराला मी ते पिशवीतून काढून दाखवले आहे.

पहिल्याने ते हातात घेतले, वाकवून पाहिले, परत दिले आणि मी चहा घेऊन येईपर्यंत कोपऱ्यावर काळे सिलिकॉन फासून मोकळा झाला. गाडीत दोन दिवस व्हिनेगरसारखा वास येत होता. तो वास ज्या सिलिकॉनला येतो ते सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते, आणि उघड्या पत्र्याशी त्या आम्लाचा संबंध आला की गंजाला आमंत्रण मिळते. काचेचे काम करणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवे. दुसऱ्याने पहिल्याच्या कामाला नावे ठेवली आणि त्याच्यावरच आणखी एक थर दिला. खरे तर सुकलेल्या सिलिकॉनवर दुसरे काहीही नीट चिकटत नाही, नवा थर नाही आणि रंगही नाही, त्यामुळे पहिल्या जोराच्या पावसात तो थर पापुद्र्यासारखा सुटला. तिसऱ्याने मात्र रबर काढायची तयारी दाखवली, पण कशी, तर ब्लेडने कापून; काच तशीच ठेवून नवे रबर तुकड्यातुकड्यांनी भोवती दाबून बसवू, असे त्याने मला गंभीरपणे सांगितले. मी नको म्हटल्यावर त्यानेही नळीच काढली, आणि मी त्याला ती वापरू दिली, कारण त्या दिवशी गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला होता, गोदाघाटावर ज्याच्यावरून नाशिककर पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले होते आणि माझी गाडी उघड्यावर उभी होती.

एकानेही पाणी लावून पाहिले नाही. गळती शोधायची तर एक माणूस विजेरी घेऊन आत बसतो, दुसरा बाहेरून नळीने, कमी दाबाने, खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर पाणी सोडतो, कारण वरून सुरू केले तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. पाणी एका जागी शिरते, रबराच्या खाचेतून वाहत जाते आणि भलत्याच जागी टपकते. शिवाय या गाडीत काचेपुढे हवा आत घेण्याची जाळी आहे, आणि तिच्यात जमलेले पाणी खाली सोडणारी नळी पाचोळ्याने तुंबली तरीही पायाखाली पाणी येते. ती नळी मी स्वतः उघडली, तार घालून साफ केली आणि मगच काचेवर दोष ठेवला. अर्ध्या तासाचे ते काम करण्याची तसदी एकाही दुकानाने घेतली नाही.

आताच्या गाड्यांची काच नळीतून येणाऱ्या पॉलीयुरेथेन नावाच्या चिकट लेपाने पत्र्याला चिकटवलेली असते, त्यामुळे या मंडळींचा हात आपोआप नळीकडे जातो, हे मला समजते. पण जे काम येत नाही ते येत नाही म्हणून सांगावे. मी दुसरीकडे गेलो असतो, माझे दोन महिने वाचले असते आणि पत्राही वाचला असता. आणि हे कौशल्य नाशिकमधून नाहीसे झाले आहे असेही नाही. जुन्या ट्रक-बसच्या काचा अशाच रबरात बसवलेल्या असतात. शेवटी मी गेल्या आठवड्यात आडगावच्या बाजूला ट्रकच्या काचा बसवणाऱ्या एका चाचांकडे गेलो. त्यांनी रबर पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला: ‘दोरी आहे का तुमच्याकडे, की मी आणू?’ मला भरून आले, हे लिहायला संकोच वाटत नाही. रबर आधी काचेवर चढवायचे, रबराच्या पत्रा पकडणाऱ्या खाचेत चहूबाजूंनी दोरी घालायची, साबणाचे पाणी लावायचे, बाहेरून एकाने तळहाताने काच दाबत राहायचे आणि आतून दुसऱ्याने दोरी ओढत न्यायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावरून आपसूक आत येते. ज्याने हे एकदा केले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

पण चाचांनी कोपऱ्यातले सिलिकॉन नखाने उकरले, खालचा पत्रा पाहिला आणि हात मागे घेतला. कड गंजून खडबडीत झाली होती. काच लॅमिनेटेड आहे, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली. खडबडीत कडेवर तिला दाबले आणि एका जागी ताण आला की ती तडकणार, आणि तशी जोखीम ते घेणार नाहीत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांचे बरोबर होते. त्यांनी काच अलगद उतरवून दिली, एक पैसाही घेतला नाही आणि अट घातली की कड धातूपर्यंत घासून, प्राइमर आणि रंग लावून आणायची, आणि सिलिकॉनचा कणसुद्धा कुठे राहता कामा नये, कारण तो राहिला तर त्यावर रंग धरणार नाही.

त्यामुळे गेले चार दिवस मी संध्याकाळी कामावरून आल्यावर गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ताडपत्रीखाली, प्लॅस्टिकच्या पट्टीने ते काळे थर खरवडतो आहे. लावायला तिघांना मिळून तासही लागला नसेल. उजव्या कोपऱ्यात पत्र्याला नखाएवढे भोक सापडले आहे. मामांच्या वेळी ते नव्हते, आणि मेमध्ये मी रबर उचलून पाहिले होते तेव्हाही नव्हते. उद्या वेल्डिंगवाल्याला बोलावले आहे. पहिल्या दुकानात मी त्या भोकाचा फोटो घेऊन गेलो, तर मालकाने तो पाहिला आणि म्हणाला, ‘जुनी गाडी आहे, गंज तर असणारच.’