रायसरवरच्या दोन स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. रायसर म्हणजे शिजवलेला बटाटा भोकांच्या चकतीतून दाबून लगदा करायचं साधन. त्याबद्दल तुमच्या चार तक्रारी आहेत: कच्च्या फ्लॉवरचा ‘राइस’ (भातासारखा बारीक चुरा) झाला नाही, उलट दांडा वाकला, बटाट्याचा लगदा खळीसारखा चिकट झाला, निम्मा माल दट्ट्याच्या कडेनं वर आला, आणि वापर कसा करायचा हे नेटवर शोधलं तर गाड्या आणि कॉम्प्युटरचे स्क्रीन दिसले. या अडचणी बऱ्याच जणांना येतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

फ्लॉवरचा ‘राइस’ किसणीवर होतो, किंवा फूड प्रोसेसर थांबून थांबून फिरवून. रायसर दाबतो, कापत नाही. त्याच्या चकतीची भोकं जेमतेम 3 मिलिमीटरची असतात, त्यांतून शिजून मऊ झालेलंच बाहेर येतं. कच्चा तुकडा ठेवून जोर लावला की तो सगळा जोर बिजागरीच्या खिळीवर आणि दांड्याच्या मुळाशी येतो. तुमच्या फोटोत दांडा नेमका तिथेच वाकलेला आहे. हा वापरातला दोष असल्यानं दांडा बदलून देता येणार नाही. खीळ ढिली झाली असेल तर तिचा जवळून फोटो पाठवा. ती आम्ही बदलून देऊ.

चिकटपणाचं कारण बटाट्यात आणि तुमच्या पुढच्या कृतीत आहे. शिजताना स्टार्च पेशींच्या आतच फुगतो. पेशी अख्ख्या राहिल्या तर लगदा हलका होतो, फुटल्या तर स्टार्च बाहेर येऊन खळ होते. रायसरमधून बटाटा एकदाच दाबला जातो, म्हणून पेशी कमी फुटतात. तुम्ही मात्र रायसरमधून काढल्यावर तोच लगदा मिक्सरला लावलात असं लिहिलंय. पात्यांनी उरलेल्या पेशीही फोडल्या. शिवाय नवे, ओलसर बटाटे यासाठी चालत नाहीत. पिठूळ जातीचे, जुने घ्या.

1 किलो बटाट्यांचे 4 सेंटिमीटरचे तुकडे करून थंड, मिठाच्या पाण्यात टाका आणि मग आच लावा. उकळी आल्यावर 15 ते 20 मिनिटांत सुरी सहज आत जाते. पाणी पूर्ण निथळा आणि तेच भांडं मंद आचेवर मिनिटभर हलवत ठेवा, म्हणजे वरचा ओलावा वाफ होऊन जातो. ही पायरी गाळली की लगदा पाणचट होतो आणि मग लोक घोटत बसतात. तुकडे गरम असतानाच दाबा, गार झालेला बटाटा घट्ट होतो आणि जोर दुप्पट लागतो. आधी 100 ग्रॅम लोणी मिसळा, नंतर 150 ते 200 मिलिलिटर गरम दूध थोडंथोडं घाला. लाकडी चमच्यानं हलक्या हातानं, एकजीव होईपर्यंतच ढवळा. न्योकी (बटाटा आणि पिठाचे उकडलेले इटालियन गोळे) करायची असेल तर लोणी-दूध घालू नका. दाबलेला बटाटा ताटात पसरून वाफ जाऊ द्या, नाहीतर पीठ जास्त लागतं आणि गोळे दडदडीत होतात.

वर येणाऱ्या मालाचं सांगायचं तर भांडं दोन तृतीयांशच भरा. दट्ट्या आणि भिंत यांत थोडी फट असावीच लागते, नाहीतर तो अडकेल. काठोकाठ भरून झटक्यानं दाबलं की माल सोप्या वाटेनं, म्हणजे वरून, निसटतो. सावकाश दाबा. सालासकट अर्धा बटाटा, कापलेली बाजू खाली करून ठेवला तरी चालतो. साल आत राहते, ती दर खेपेला काढून टाका.

राहिला शोध. अमेरिकेत जपानी गाड्या-मोटरसायकलींना हिणवण्यासाठी भातावरून शब्द निघाले, ‘रायसर’ हा त्यांतला एक. वंशद्वेषाची छटा त्याला आजही आहे. पुढे इंजिन तेच ठेवून मोठा स्पॉयलर (मागे लावायची पंखासारखी पट्टी), रुंद सायलेन्सर आणि स्टिकर लावलेल्या गाडीला आणि तिच्या मालकालाही रायसर म्हणू लागले. लिनक्स ही कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांनी तिथूनच ‘रायसिंग’ उचललं: विंडो मॅनेजर (स्क्रीनवरच्या खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम), वरची पट्टी, टर्मिनलचे (आज्ञा टाइप करायच्या खिडकीचे) रंग, फॉन्ट हवे तसे सजवणं. तिथे ते कौतुकानंच बोललं जातं. स्वयंपाकाचं साधन हवं असेल तर ‘पोटॅटो रायसर’ असं पूर्ण टाका.

आणखी एक, तुमच्या फोटोत चकती काळवंडलेली दिसते. हे मॉडेल ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं आहे, डिशवॉशरच्या तीव्र अल्कलीनं ते काळं पडतं. वापरल्याबरोबर चकती काढून पाण्यात टाका आणि हातानं, ब्रशनं धुवा. स्टार्च भोकांत वाळला तर पुढच्या वेळी दांड्यावर विनाकारण जोर पडतो.