मागे सरकलेला बांध

मी राहतो ते घर समुद्रसपाटीच्या खाली आहे. नेदरलँड्सच्या सुमारे चतुर्थांश भूभागाची हीच स्थिती असल्याने इथे कोणाला त्याचे नवल नाही. मला मात्र कृष्णा-पंचगंगेच्या पुराच्या बातम्या वाचताना त्याची हटकून आठवण होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सांगली-कोल्हापुरात तापलेला वाद अजून निवलेला नाही. दोष कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा, की पूररेषेच्या आत आपणच टाकलेल्या भरावांचा?

दोन्ही बाजू नदी आणि माणूस यांना वेगळे धरून बोलतात, आणि तिथेच मला अडखळायला होते. मध्ययुगात डच शेतकऱ्यांनी चर खणून दलदलीतले पाणी काढले. पाणी गेल्यावर अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची तिथली माती आकसली, हवा लागून कुजत गेली आणि जमीन खचली. खचलेल्या जमिनीत साचणारे पाणी उपसण्यासाठी पवनचक्क्या आल्या, नंतर वाफेचे आणि विजेचे पंप आले, आणि उपसा वाढला तशी जमीन आणखी खाली गेली. निसर्गाची अवकृपा वाटणारी ही खोलगट भूमी बऱ्याच अंशी माणसाची करणी आहे. त्या भूमीनेही माणसांना वळण लावले: बांध एकट्याने राखता येत नाही, म्हणून तेराव्या शतकापासून इथे जलमंडळे उभी राहिली. आज अशी २१ मंडळे आहेत. ती निवडणुकीने बनतात आणि स्वतःचा कर वसूल करतात.

१९५३ च्या पुरात इथे १,८३६ माणसे दगावली आणि त्यानंतर अजस्र बांधकामांचे युग आले. पुढे १९९५ मध्ये नद्या फुगून सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले, तेव्हा बांध उंचावत नेण्यावरचा भरवसा डळमळला. नाइमेखेन शहरासमोर वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेण्यात आला आणि सुमारे ५० घरे पाडून नदीला जादा पात्र खणून दिले गेले. पलीकडच्या लेंट गावाने याला विरोध केला होता.

हे जसेच्या तसे उचलावे असे मी म्हणणार नाही. सह्याद्रीचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि डच लोकही काही निसर्गाचे साधू नव्हेत. नायट्रोजनच्या प्रदूषणावरील निर्बंधांवरून इथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरलेले मी पाहिले आहेत. पण जलमंडळाची कल्पना आपल्याला परकी नाही. पश्चिम घाटाविषयीच्या २०११ च्या अहवालात माधव गाडगीळ यांच्या समितीने निर्णयाची सुरुवात ग्रामसभेपासून व्हावी असे सुचवले होते. पुढच्या गदारोळात ती सूचना मागे पडली आणि चर्चेत उरली ती कशाकशावर बंदी येणार याची यादी. निळी आणि तिच्याहून मोठ्या पुराची लाल पूररेषा आखली जाते, तेव्हा त्या रेषेच्या आत ज्याचे घर आहे त्याला बैठकीत जागा कुठे असते, हे आपल्याकडच्या चर्चांमध्ये मला अजून सापडलेले नाही.