चूक कळते, पण धास्ती किती?
थरार शोधणाऱ्या माणसांच्या मेंदूत चूक झाल्याचा इशारा क्षीण उमटतो, हा तुमच्या लेखातला मुद्दा पटला. पण त्यावरून 'अशा लोकांना चूक कळतच नाही' असा जो सूर शेवटी लागलाय, तो मला अजिबात मान्य नाही.

हा इशारा मोजतात कसा ते बघा. पडद्यावर क्षणभर पाच बाण येतात, मधला ज्या दिशेला असेल ते बटण दाबायचं. बाजूचे बाण उलटे असले की बोट घसरतं, आणि साधारण १०० मिलिसेकंदांच्या आत डोक्याच्या पुढच्या-मधल्या भागावरच्या इलेक्ट्रोडवर विजेची एक ऋण (निगेटिव्ह) लहर उमटते; हाच तो इशारा. चूक झाल्याची स्पष्ट जाणीव मात्र तिच्यामागून येणाऱ्या धन (पॉझिटिव्ह) लहरीशी जास्त जोडलेली आहे. त्यामुळे पहिली लहर लहान म्हणून माणूस बेखबर ठरत नाही. मला वाटतं, त्याला चुकीची धास्ती कमी असते. चिंताग्रस्त आणि ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याचा विकार) असलेल्यांमध्ये हीच लहर अनेकदा मोठी आढळते, हे लेखात यायलाच हवं होतं.

शिवाय मानसशास्त्रज्ञ मार्व्हिन झुकरमन यांच्या थरार शोधण्याच्या वृत्तीच्या मापनात साहसाची ओढ, नव्या अनुभवांची भूक, बेबंदपणा आणि कंटाळा सहन न होणं असे चार वेगळे भाग आहेत. कडा चढणारा दोराची गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघतो. त्याला बेबंद माणसाच्या रांगेत बसवणं अन्याय आहे. आणि हे सगळे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. कृपा करून तेवढं एक वाक्य लेखात घाला, नाहीतर आईबाप आपल्या धाडसी मुलाच्या मेंदूतच खोट शोधू लागतील.